गेटवरची एंट्री आणि मीटिंगमधला आकडा

मार्च २०१३मध्ये ‘टार्गेट’ या अमेरिकन दुकान-साखळीने कॅनडात पाऊल ठेवलं. ऑन्टारियो प्रांतातल्या ग्वेल्फ, मिल्टन आणि फर्गस इथे पहिली तीन दुकानं उघडली आणि वर्ष संपेपर्यंत हा आकडा १२४वर गेला. ‘झेलर्स’ या जुन्या साखळीच्या जागा मिळवायलाच कंपनीने १८२ कोटी ५० लाख कॅनेडियन डॉलर मोजले होते. आणि पहिलं दुकान उघडून दोन वर्षंही झाली नव्हती, तोच १५ जानेवारी २०१५ रोजी कॅनडातून गाशा गुंडाळत असल्याची घोषणा झाली. १३३ दुकानं बंद झाली, सुमारे १७,६०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि कंपनीला त्या तिमाहीच्या हिशेबात ५.४ अब्ज अमेरिकन डॉलरचा बोजा दाखवावा लागला.

कारणं बरीच होती. काही जागा गैरसोयीच्या होत्या, सीमेपलीकडच्या टार्गेटशी तुलना करता भाव चढे वाटत होते. पण गिऱ्हाईक खरं वैतागलं ते रिकाम्या फळ्यांना. त्याच वेळी कंपनीची गोदामं मात्र मालाने तुडुंब भरली होती. दुकानात माल नाही आणि गोदामात ठेवायला जागा नाही, अशी ही विचित्र अवस्था कशी झाली, याची साद्यंत हकिकत जो कास्टाल्डो या पत्रकाराने २०१६ साली ‘कॅनेडियन बिझनेस’ मासिकात लिहिली. ईआरपी, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार एकाच जागी नोंदवणारं सॉफ्टवेअर, घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येक मालकाने ती वाचावी, असं मी आवर्जून सांगतो.

अमेरिकेतल्या टार्गेटची संगणक-यंत्रणा कंपनीने स्वतःच वर्षानुवर्षं घडवलेली होती. तिला कॅनेडियन डॉलर कळत नव्हता आणि फ्रेंच अक्षरंही झेपत नव्हती. म्हणून कॅनडासाठी जर्मनीच्या ‘सॅप’चं ईआरपी नव्याने घ्यायचं ठरलं. सॉफ्टवेअरमध्ये खोट नव्हती, पण ते कोरं होतं. त्यात सुमारे ७५,००० वस्तूंची माहिती भरायची होती. प्रत्येक वस्तूचं नाव, पुरवठादार, खरेदीचा भाव, चलन, लांबी-रुंदी-उंची, एका खोक्यात किती नग, असे एकेका वस्तूमागे डझनावारी रकाने. काम पडलं तरुण, नवख्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर आणि उद्घाटनाच्या तारखा तर आधीच जाहीर झालेल्या. मग सेंटिमीटरच्या जागी इंच पडले, लांबीच्या रकान्यात रुंदी गेली, चलन चुकलं, काही रकाने तसेच राहिले. पुढे पडताळणी झाली तेव्हा कॅनडातली माहिती जेमतेम ३० टक्के अचूक निघाली. अमेरिकेत हेच प्रमाण ९८-९९ टक्के होतं. शेवटी मिसिसागाच्या मुख्य कार्यालयातल्या लोकांना हातातली कामं सोडून ओळीमागून ओळ तपासायला बसवावं लागलं.

पुढचं सगळं यातूनच आलं. खोक्याचं माप चुकीचं, म्हणून माल कंटेनरमध्ये आणि फळीवर ठरल्याप्रमाणे बसेना. नगांची संख्या चुकीची, म्हणून मागणीचा हिशेब चुकला. मागणीचा अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरला मागच्या काही वर्षांची विक्री लागते. नव्या देशात ती कुठून असणार? मग वरिष्ठांच्या आशावादी अपेक्षाच त्याला खाऊ घातल्या गेल्या. हे सगळं उघड व्हायचं ते रिपोर्टमधून. पण रिपोर्टही त्याच माहितीवर उभे होते.

आपल्याकडे ईआरपी आणि बिझनेस इंटेलिजन्स, म्हणजे बीआय, ही दोन निरनिराळी कामं समजली जातात. आधी ईआरपी ‘लाइव्ह’ होऊ दे, रिपोर्टचं मग बघू, हे वाक्य पुण्या-नाशकातल्या कारखान्यांत मी इतक्या तोंडून ऐकलंय, की ते अंमलबजावणीच्या करारातच छापलेलं असावं अशी शंका येते. त्यातली गफलत अशी, की घटना घडताना जी गोष्ट नोंदली गेली नाही ती नंतर कुठलंही सॉफ्टवेअर उकरून काढू शकत नाही. सहा महिन्यांनी मालकाला जो प्रश्न पडणार आहे, त्याच्या उत्तराची जागा आज स्टोअरच्या स्क्रीनवर असावी लागते. रिपोर्टचं नियोजन ईआरपीच्या आधी करायचं ते यासाठी.

या दोन्ही गोष्टींचा जन्मही वेगवेगळ्या घरांत झाला. आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ साली जर्मनीत सॅप कंपनी सुरू केली. हिशेब, खरेदी, साठा हे सगळं एकाच यंत्रणेत, एकदाच नोंदवायचं ही त्यांची कल्पना. १९९२मध्ये आलेल्या ‘आर/३’ने ती जगभरच्या कारखान्यांत नेली. ‘ईआरपी’ हे नाव १९९०च्या सुमारास गार्टनर या सल्लागार संस्थेने रूढ केलं. बीआयची वंशावळ त्याहून जुनी. आयबीएममधल्याच हान्स पीटर लून यांनी १९५८ साली याच नावाचा निबंध लिहिला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर होती ती कागदपत्रं वाचून योग्य माणसापर्यंत योग्य माहिती पोचवणारी यंत्रणा. आजच्या अर्थाने हा शब्द हॉवर्ड ड्रेसनर यांनी १९८९मध्ये चालवला. ईआरपीचं ध्येय व्यवहार न अडता पार पडावा हे. बीआयला त्या व्यवहारांच्या ढिगातून शहाणपण हवं असतं. दोघांच्या गरजा जुळत नाहीत आणि नियोजनात कसरत करावी लागते ती इथेच.

आता चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. शुक्रवारी रात्री साडेनऊला पोलादाच्या पट्टीची कॉइल घेऊन ट्रक गेटवर येतो. सिक्युरिटीवाला चलन बघून त्यावर शिक्का मारतो, रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहितो, ट्रक आत जातो. स्टोअरचा माणूस सहालाच घरी गेलेला. शनिवारी सुट्टी. सोमवारी सकाळी येऊन तो जीआरएन करतो, म्हणजे माल मिळाल्याची नोंद ईआरपीत घालतो, आणि तारीख आपोआप सोमवारची पडते. नियमाप्रमाणे त्याने काहीच वावगं केलेलं नाही. पण दरम्यान शनिवारी तिकडे काय झालं? प्लॅनिंगवाल्याने घरून साठ्याचा रिपोर्ट उघडला, त्यात कॉइल शून्य दिसली, त्याने दुसऱ्या पुरवठादाराला फोन करून चढ्या भावाने तातडीची ऑर्डर दिली. महिनाअखेरीस पुरवठादारांचं गुणांकन निघालं. त्यात ज्याने वेळेत माल पोचवला होता त्याच्या नावापुढे तीन दिवसांचा उशीर लागला. तो भांडायला आला तेव्हा त्याच्याकडे चलनावरचा गेटचा शिक्का होता आणि कंपनीकडे रंगीत डॅशबोर्ड. शिक्का खरा होता.

यावर उपाय पाच लाखांच्या नव्या रिपोर्टिंग टूलचा नाही. गेट एंट्री ईआरपीतच करायची, तिची तारीख-वेळ वेगळ्या रकान्यात ठेवायची, पुरवठादाराचं गुणांकन त्या तारखेवर काढायचं आणि ‘गेटच्या आत आहे, जीआरएन बाकी आहे’ असा साठा प्लॅनिंगला वेगळा दाखवायचा. हा निर्णय ईआरपी बसवताना घेतला तर अर्ध्या दिवसाचं काम. दोन वर्षांनी घेतला तर मागच्या दोन वर्षांच्या नोंदींत तो रकाना रिकामाच राहणार आणि तुलना करायला आधार उरणार नाही.

असंच रिजेक्शनच्या कारणांचं. क्वालिटीचे साहेब उत्साहाने चाळीस कारणांची यादी ईआरपीत घालून घेतात. तिसऱ्या पाळीचा सुपरवायझर रात्री अडीच वाजता, मशीन थांबलेलं असताना, ती यादी खालपर्यंत कशाला वाचेल? पहिलं कारण निवडतो किंवा ‘इतर’. वर्षाअखेरीस सुंदर पॅरेटो आलेख निघतो आणि त्यात सर्वांत उंच खांब ‘इतर’चा असतो. कारणं सात-आठच ठेवावीत आणि ती मशीनप्रमाणे बदलावीत. दर महिन्याला ‘इतर’ उघडून बघावं आणि त्यात एखादी गोष्ट वारंवार आली तर तिला स्वतंत्र नाव द्यावं. बीआयच्या नियोजनात हे काम कोणी धरत नाही, कारण त्याला सल्लागाराचं बिल लागत नाही.

ईआरपीच्या पोटात ढोबळमानाने दोन प्रकारची माहिती असते. एक मास्टर आणि दुसरी व्यवहारांची. कोणता माल, कोणता पुरवठादार, कोणतं गिऱ्हाईक, कोणती मशीन, ही मास्टरची. कधी, किती, केवढ्याला, ही व्यवहारांची. व्यवहाराची चूक एका दिवसाची असते. मास्टरमधली चूक मात्र पुढच्या प्रत्येक व्यवहारात उतरत राहते. टार्गेट कॅनडात चुकलं ते मास्टरच. आपल्याकडे मास्टरचा ठरलेला रोग म्हणजे दुबार नोंदी. एकच बोल्ट ‘एम८ बोल्ट’, ‘बोल्ट एम-८’ आणि ‘८ एमएम बोल्ट’ अशा तीन कोडांखाली असतो. पहिल्याचा साठा संपला की खरेदी होते, बाकीचे दोन रॅकमध्ये पडून राहतात. नवा कोड उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे असावा आणि त्याने आधी शोधून मगच उघडावा, एवढा साधा शिरस्ता असला तरी निम्मा पसारा टळतो. पण त्या माणसाला रोज दहा जण ‘अहो, कोड लवकर द्या, खरेदी ऑर्डर अडलीय’ म्हणून भंडावतात. त्याच्या पाठीशी वरचं कोणी उभं नसेल तर शिरस्ता महिनाभरही टिकत नाही.

मास्टरमधला एक रकाना किती महाग पडू शकतो याचं ताजं उदाहरण आयकराचं आहे. १९६१च्या आयकर कायद्यात वित्त कायदा २०२३ने ४३बी कलमाखाली (एच) हे उपकलम घातलं आणि ते २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. नाही दिले, तर ते प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत तो खर्च वजावटीला धरत नाहीत. मार्च २०२४ जवळ आला तशी अकाउंट्स विभागांची एकच धावपळ उडाली. थकबाकीचा रिपोर्ट सगळ्यांकडे होता, दिवस मोजणारा होता, लाल-पिवळा-हिरवा होता. फक्त कोणता पुरवठादार सूक्ष्म, कोणता लघु आणि कोणता मध्यम, हे व्हेंडर मास्टरमध्ये नव्हतं. मध्यम उद्योगाला ही तरतूद लागू नाही, त्यामुळे तो फरक कळणं भाग होतं. मग शेकडो पुरवठादारांना मेल, फोन, ‘उद्यम’ या लघुउद्योग नोंदणीच्या प्रमाणपत्राच्या प्रती, एक्सेलमध्ये यादी. ज्यांनी पुरवठादाराचा कोड उघडतानाच उद्यम क्रमांक आणि वर्ग मागायची सवय ठेवली होती, त्यांचा रिपोर्ट एका दुपारी निघाला.

उद्या कोणतं कलम येईल हे कोणालाच सांगता येत नाही, हे मान्य. त्यामुळे सगळेच रकाने अनिवार्य करून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. रकाना अनिवार्य केला की तो भरला जातो, पण खरा भरला जातो असं नाही. मोबाइल नंबरच्या जागी दहा नऊ मी पुष्कळ पाहिलेत.

मास्टर बरं असलं तरी व्याख्यांचं भांडण उरतंच. ‘वेळेवर डिलिव्हरी’ हा आकडा घ्या. गाडी बनवणारी बडी कंपनी सुट्या भागांच्या पुरवठादाराला याच आकड्यावर जोखते. आपल्या कारखान्याच्या डॅशबोर्डवर तो ९७ टक्के दिसतो आणि गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर ८१. दोघंही खोटं बोलत नाहीत. ऑर्डरमध्ये गिऱ्हाइकाने मागितलेली तारीख एक असते आणि आपण कबूल केलेली दुसरी. माल लांबणार असं दिसलं की सेल्स कोऑर्डिनेटर गिऱ्हाइकाला कळवतो आणि ऑर्डरमधली तारीख पुढे ढकलतो. त्याला तसं करावंच लागतं, नाहीतर प्लॅनिंग चुकेल. पण तारीख ढकलताच उशीर गायब होतो. पहिली मागितलेली तारीख, पहिली कबूल केलेली तारीख आणि सध्याची तारीख असे तीन रकाने ठेवून पहिले दोन कुलूपबंद केले, तरच पुढे कधीतरी ‘आपण किती वेळा तारीख बदलतो आणि कोणत्या मालाची’ हा खरा उपयोगाचा प्रश्न विचारता येतो. तो विचारला की गाडी बहुधा एखाद्या ठरावीक मशीनपाशी किंवा जॉब वर्कवाल्यापाशी येऊन थांबते.

म्हणून ईआरपीच्या निवडीआधी मी एक खटाटोप करायला सांगतो. कारखान्यातल्या सगळ्या एक्सेल फायली गोळा करायच्या. एक्सेलला नावं ठेवायची हल्ली फॅशन आहे. मला त्या फायली साक्षीदार वाटतात. कोणत्या माणसाला कोणता निर्णय घेताना काय हवं होतं आणि यंत्रणेने ते दिलं नाही, हे त्या फायलींइतकं स्वच्छ कोणीच सांगत नाही. डिस्पॅचच्या माणसाची ‘गाडी कुठपर्यंत’ नावाची शीट, स्टोअरची ‘बाहेर गेलेला माल’ ही शीट, मालकाच्या भाच्याने चालवलेली रोख रकमेची शीट. यातल्या कोणत्या शीटवर रोज निर्णय होतो आणि कोणती केवळ सवयीने भरली जाते, हे प्रत्येकाशेजारी बसून विचारलं की डेटा स्ट्रॅटेजीचा निम्मा मसुदा हातात येतो. उरलेला निम्मा मालकाने लिहायचा: येत्या तीन वर्षांत मी कोणते आठ-दहा निर्णय आकड्यांवर घेणार आहे? बहुतेक मालक इथे ‘सगळेच’ म्हणतात. तिथे सल्लागाराने हट्ट सोडू नये.

आता थोडं तांत्रिक. ईआरपीचा डेटाबेस रचलेला असतो तो एकेक व्यवहार झटपट आणि चोख नोंदवण्यासाठी. सॅपमध्ये खरेदी ऑर्डरचा माथा ‘ईकेकेओ’ नावाच्या टेबलात, तिच्या ओळी ‘ईकेपीओ’त, पुरवठादार तिसरीकडे, माल चौथीकडे. ही नावं म्हणजे मुळातल्या जर्मन शब्दांची संक्षिप्त रूपं. ‘मागच्या तीन वर्षांत कोणत्या पुरवठादाराच्या भावात किती चढ-उतार झाला’ असा प्रश्न टाकला, की लाखो ओळी आणि डझनभर टेबलं एकत्र जुळवावी लागतात. हा उद्योग दिवसाढवळ्या चालू यंत्रणेवर केला तर तिकडे बिल काढणारा माणूस स्क्रीनकडे बघत बसतो. म्हणून रोज रात्री व्यवहारांची प्रत काढून वेगळ्या जागी, वेगळ्या रचनेत ठेवायची पद्धत पडली. तेच डेटा वेअरहाउस. बिल इनमन यांचं यावरचं पुस्तक १९९२चं आणि राल्फ किमबॉल यांचं १९९६चं. आधी साऱ्या कंपनीचं एकसंध कोठार बांधा, असं इनमन सांगतात. किमबॉल म्हणतात, एकेका कामाला धरून, विक्री, साठा, खरेदी, असे सुटे भाग बांधा, फक्त गिऱ्हाईक आणि माल यांची मास्टर सगळीकडे समान ठेवा. हा वाद तीस वर्षं चालू आहे. आपल्याकडच्या मध्यम कारखान्यांसाठी माझं मत किमबॉलच्या बाजूने पडतं, कारण सहा-आठ आठवड्यांत काहीतरी दिसलं नाही तर मालकाचा उत्साह आटतो.

किमबॉल यांनी नीट मांडलेली एक अडचण प्रत्येक विक्री विभागाला ओळखीची वाटेल. एप्रिलमध्ये सांगलीचे डीलर कोल्हापूरच्या प्रतिनिधीकडून काढून दुसऱ्याला दिले. गिऱ्हाइकाच्या मास्टरमध्ये प्रतिनिधीचं नाव बदललं. त्या क्षणी मागच्या पाच वर्षांची सांगलीची सगळी विक्रीही नव्या माणसाच्या नावावर गेली, कारण रिपोर्ट नाव आजच्या मास्टरमधून उचलतो. जुन्याची ‘घसरण’ आणि नव्याची ‘वाढ’ बघून इन्सेंटिव्ह वाटले गेले की भांडण अटळ. वेअरहाउसमध्ये म्हणून जुनी ओळ पुसत नाहीत. तिला ‘अमुक तारखेपर्यंत’ असा शिक्का मारून शेजारी नवी ओळ घालतात. ईआरपी सहसा फक्त आजचं चित्र ठेवतं, त्यामुळे हा इतिहास कुठे साठवायचा ते आधी ठरवलं नाही तर तो कुठेच राहत नाही.

वेअरहाउस उभं राहिल्यावर पहिली परीक्षा एकच. डॅशबोर्डवरची विक्री ट्रायल बॅलन्समधल्या विक्रीशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे, किंवा फरक कशाचा आहे हे एका ओळीत सांगता आलं पाहिजे. पहिल्याच मीटिंगमध्ये फायनान्सच्या साहेबांनी ‘हा आकडा माझ्याकडे वेगळा आहे’ म्हटलं आणि उत्तर मिळालं नाही, तर तो डॅशबोर्ड गेला. पुढच्या महिन्यापासून सगळे पुन्हा आपापला ‘डंप’ काढून एक्सेलमध्ये बसतात. या जुळणीसाठी वेळापत्रकात वेगळे दिवस राखून ठेवलेले मी क्वचितच पाहिले. रंगांसाठी मात्र आठवडे असतात.

प्रत्येकाला एवढा सरंजाम लागतो असंही नाही. ज्याचा सगळा कारभार टॅलीवर चालतो त्या व्यापाऱ्याला टॅलीतून निघणारे रिपोर्ट आणि शिस्तीत ठेवलेली एखादी शीट पुष्कळ झाली. त्याहून पुढे जायचं तर मुक्त स्रोताचं ‘ईआरपीनेक्स्ट’ आहे. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे रुशभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या व्यवसायाची गरज म्हणून ते लिहायला घेतलं आणि आज ते जगभर वापरलं जातं. पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला ‘डेटा लेक’ विकायला कोणी आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. आणि ईआरपीशी मराठीत गप्पा मारणारा एआय मदतनीस घेऊन कोणी आला तर त्याला फक्त ‘एम८ बोल्ट किती शिल्लक आहेत’ एवढं विचारावं. तीन कोडांपैकी तो कोणता उचलतो ते बघावं.

आकडे नीट भरले आणि व्याख्या पक्क्या झाल्या तरी माणसं उरतातच. टार्गेट कॅनडातल्या ॲनालिस्टांचं मूल्यमापन त्यांच्या मालाचा दुकानात तुटवडा किती, यावर होत असे. साठा घटला की आपोआप मागणी नोंदवणारी सोय ज्या वस्तूला सुरू असेल, तीच वस्तू तुटवड्याच्या हिशेबात यायची. काहींच्या लक्षात आलं की ती सोय बंद केली की वस्तू हिशेबातूनच बाहेर पडते आणि आपला आकडा सुधारतो. फळी रिकामी राहिली, रिपोर्ट मात्र झकास झाला. हे ध्यानात आल्यावर कंपनीला त्यांचा तो अधिकार काढून घ्यावा लागला. ज्या माणसाला एखाद्या आकड्यावरून जोखायचं, त्याच्याच हातात त्या आकड्याची कळ ठेवायची नाही, हे ईआरपीतले अधिकार वाटतानाच बघावं लागतं. तारीख ढकलणारा सेल्स कोऑर्डिनेटर आणि सोय बंद करणारा ॲनालिस्ट एकाच परिस्थितीत सापडलेले आहेत. भारतात १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणं सक्तीचं झालं, तेव्हा बऱ्याच जणांनी ती ऑडिटरची कटकट मानली. खरं तर कोणती नोंद किती वेळा आणि कधी बदलली जाते, हाच एक सुरेख रिपोर्ट होऊ शकतो. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत मागच्या तारखेच्या एंट्र्या कोणत्या विभागातून येतात हे पाहिलं की बरंच काही उमगतं.

सध्या हे सगळं ऐरणीवर आहे ते एका तारखेमुळे. सॅपच्या जुन्या ‘ईसीसी’ आवृत्तीची मुख्य देखभाल २०२७ अखेर थांबणार आहे. जादा पैसे मोजले तर ती २०३०पर्यंत मिळते. म्हणून जुन्या गिऱ्हाइकांना ‘एस/४ हाना’कडे जावं लागतंय. पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या कितीतरी लोकांची रोजीरोटी सध्या याच स्थलांतरावर चालते. २०१५ साली आलेल्या या आवृत्तीत डेटा डिस्कऐवजी मुख्य मेमरीत राहतो आणि हिशेबाच्या नोंदी पूर्वीसारख्या अनेक टेबलांत न विखुरता एकाच मोठ्या टेबलात येतात. त्यामुळे बरेचसे रोजचे रिपोर्ट थेट ईआरपीवरच चालवता येतात. आता वेअरहाउसची गरजच संपली, असं त्यावरून सांगितलं जातं. साठा, थकबाकी, आजची बिलं यांच्यापुरतं ते खरं आहे. पण डीलरचा इतिहास, गिऱ्हाइकाच्या पोर्टलवरचे आकडे, मशीनवरच्या सेन्सरचा डेटा हे ईआरपीत नसतंच. त्यांच्यासाठी वेगळी जागा लागतेच.

जुन्या सॅपमध्ये कंपनीने स्वतः लिहून घेतलेले प्रोग्राम ‘झेड’ किंवा ‘वाय’ अक्षराने सुरू होतात. वीस वर्षं चाललेल्या यंत्रणेत असे शेकडो झेड रिपोर्ट साठलेले असतात. कुणीतरी एकदा मागितला, बनला, मागणारा निवृत्त झाला, रिपोर्ट राहिला. स्थलांतराच्या वेळी विभागप्रमुखांना विचारलं तर ते सगळेच ‘अत्यावश्यक’ म्हणतात. त्यांना विचारूच नये. गेल्या दोन वर्षांत कोणता रिपोर्ट कोणी किती वेळा चालवला याची नोंद यंत्रणेतून काढता येते, ती समोर ठेवावी. वर्षातून एकदाच चालणारा पण वैधानिक असलेला एखादा त्यात दडलेला असतो, एवढं मात्र सांभाळावं.

शेवटचा प्रश्न जुन्या व्यवहारांचा. पंधरा वर्षांच्या सगळ्या नोंदी नव्या यंत्रणेत ओढून न्याव्यात असं अकाउंट्सला वाटतं. सल्लागाराला फक्त उघड्या ऑर्डरी आणि शिल्लक रकमा न्यायच्या असतात. कंपनी कायदा २०१३प्रमाणे हिशेबाची पुस्तकं किमान मागची आठ आर्थिक वर्षं सांभाळावी लागतात, त्यामुळे जुनी यंत्रणा लगेच मोडीत काढता येत नाही. ती फक्त वाचण्यापुरती जिवंत ठेवावी लागते किंवा तिच्यातल्या नोंदी वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्याव्या लागतात. माझ्या मते विक्री आणि खरेदीचा चार-पाच वर्षांचा तपशील वेअरहाउसमध्ये जुन्या कोडांसकट उतरवावा, नव्या ईआरपीत फक्त चालू व्यवहार न्यावेत आणि दोन्हींच्या मध्ये जुना कोड-नवा कोड अशी एक पक्की तक्तावार यादी ठेवावी. ती यादी करायला बसलं की तीन बोल्टांचा एक बोल्ट करायची संधीही मिळते. बहुतेक प्रकल्पांत ती यादी सल्लागाराच्या लॅपटॉपवर राहते आणि प्रकल्प संपला की त्याच्याबरोबर जाते. ती कंपनीच्या सर्व्हरवर, कंपनीच्या माणसाच्या ताब्यात राहील, अशी अट शेवटचा हप्ता देण्याआधी घालावी.